जुन्या वर्कस्टेशनमधून दोन प्रोसेसरचा संगणक: बेळगावात बसून, कमी खर्चात

दोन प्रोसेसरचं मशीन स्वस्तात होतं, पण त्यात स्वस्त नेमकं काय असतं ते आधी समजून घ्या. स्वस्त असतात ते प्रोसेसर. इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही२ हा दहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्र काम करणारा भाग) प्रोसेसर २०१३ साली आला तेव्हा त्याची यादीतली किंमत १७०० डॉलरच्या वर होती. आज त्याची जोडी घेतली तरी साध्या मोबाइलइतकेही पैसे लागत नाहीत. खिसा कापतात त्या बाकीच्या वस्तू: दोन सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड, त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय, दोन हीटसिंक आणि तो अजस्त्र बोर्ड मावेल अशी कॅबिनेट. प्रोसेसर स्वस्त मिळाले म्हणून आधी तेच घेऊन ठेवणाऱ्याचं पुढचं बजेट कोलमडतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. कंपनीतून निघालेलं अख्खं वर्कस्टेशन (जड कामासाठी बनवलेला ताकदवान संगणक) घ्या, ते एका प्रोसेसरवर नीट चालवून बघा आणि मगच दुसरा बसवा.

लागतंय का बघा

उद्यमबागेत ड्रॉइंग करून देणारे बरेच जण विचारतात, दोन प्रोसेसर टाकले तर ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स पळेल का? नाही पळणार. थ्रीडी मॉडेल काढणं हे बहुतांशी एका कोअरचं काम असतं, तिथे जास्त गिगाहर्ट्झ लागतात. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, गेम यांचंही तेच. त्यासाठी अलीकडचा एक साधा प्रोसेसर या जुन्या जोडीला सहज मागे टाकतो.

फायदा होतो तो काम तुकड्यांत वाटता येतं तिथे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणं म्हणजे मॉडेलवरून शेवटचं चित्र काढणं, ओतकामाचं किंवा प्रवाहाचं सिम्युलेशन, लग्नाच्या किंवा गणपती मंडळाच्या व्हिडिओंचा ढीग रूपांतरित करणं, मोठं सॉफ्टवेअर कंपाइल करणं, एकाच मशीनवर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवणं. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे अनेक संगणक, करून दाखवायचा असेल तर या शेवटच्या कामाला तोड नाही.

एक हिशोब करून बघा. तुमच्या कामाचा पाचवा हिस्सा एकाच कोअरवर होणारा असेल, तर दहा कोअरवर ते काम साधारण ३.६ पट वेगाने होतं. वीस कोअर दिले की ४.२ पट. म्हणजे कोअर दुप्पट केले आणि वेग वाढला जेमतेम १७ टक्के. संगणक अभियंते जीन अॅम्डाल यांनी हा नियम १९६७ मध्ये मांडला, आजही तो तितकाच खरा आहे. आत्ताच्या मशीनवर काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. सगळे कोअर शंभर टक्क्यांवर चिकटलेले दिसले तरच पुढे वाचा.

पिढी कोणती घ्यायची

झिऑन ई५ मालिकेच्या चार पिढ्या आहेत. २०१२ ची पहिली आणि २०१३ ची व्ही२, या दोन्ही एलजीए २०११ सॉकेटवर बसतात आणि डीडीआर३ रॅम घेतात. २०१४ ची व्ही३ आणि २०१६ ची व्ही४ यांचं सॉकेट एलजीए २०११-३ आणि रॅम डीडीआर४. सॉकेटची नावं सारखी वाटली तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

नावातला पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा. ई५-१६५० सारखा १ ने सुरू होणारा प्रोसेसर एकट्यानेच चालतो. त्याच्या शेजारी तसाच दुसरा बसवून काही होत नाही, कारण दोन प्रोसेसर जोडणारी क्यूपीआय ही वाट त्यात दिलेलीच नसते. जोडी हवी तर २ ने सुरू होणारा घ्यायचा: ई५-२६५०, २६७०, २६८०, २६९०. जुन्या बाजारातल्या कितीतरी वर्कस्टेशनांत १६५० असतो आणि विकणारा 'ड्युअल होतंय की' म्हणून सांगतो. होतं, पण दोन्ही प्रोसेसर नवे घेऊन.

पैसे अगदीच तोकडे असतील तर व्ही२ घ्या. २६५० व्ही२ मध्ये ८ कोअर आणि ९५ वॅट, २६८० व्ही२ मध्ये १० कोअर आणि ११५ वॅट. कोअर कमी पण वेग जास्त हवा असेल तर २६६७ व्ही२: ८ कोअर, ३.३ गिगाहर्ट्झ, आणि हलक्या भारावर ४ पर्यंत जातो. मात्र पहिल्या दोन पिढ्यांत एव्हीएक्स२ या सूचना (एकाच वेळी बरेच आकडे हाताळायची प्रोसेसरची सोय) नाहीत. व्हिडिओचं एच.२६५ रूपांतर आणि काही नवी सॉफ्टवेअर तिथे अडखळतात, काही तर सुरूच होत नाहीत. व्हिडिओ हेच पोटापाण्याचं काम असेल तर थोडे पैसे साठवून व्ही३-व्ही४ कडे जा. २६८० व्ही४ मध्ये १४ कोअर १२० वॅटमध्ये मिळतात. पहिल्या पिढीच्या वाटेला मी तरी जाणार नाही. जाणारच असाल तर २६७० वर एसआर०केएक्स हा कोड बघून घ्या, एसआर०एच८ नको. त्या आधीच्या आवृत्तीत व्हर्च्युअल मशीनला थेट हार्डवेअर देण्याच्या सोयीत दोष होता.

माल कुठून आणायचा

या बाबतीत आपण जागा धरून बसलोय. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला बेंगळुरू, आणि मध्ये सरळ राष्ट्रीय महामार्ग ४८. दोन्ही शहरांतल्या आयटी कंपन्या भाडेकरार संपला की वर्कस्टेशनं घाऊक काढून टाकतात. तो माल बेंगळुरूच्या एसपी रोडवर, पुण्यातल्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत येतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये टाकलेलं पार्सल सकाळी बेळगावात असतं. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. जाऊन आणायचं असेल तर बिल सोबत ठेवा, आणि एसटीच्या भरवशावर राहू नका. सीमेवर काही पेटलं की पहिली तीच बंद पडते.

पार्सलने मागवताना एक अट घाला: हीटसिंक काढून वेगळा बांधायचा. किलोभर वजनाचा हीटसिंक बोर्डावर उभा ठेवून पाचशे किलोमीटर आणला तर धक्क्याने बोर्डाला बाक येतो. ग्राफिक्स कार्डही वेगळं.

नावं शोधताना ही बघा: एचपीची झेड६२० आणि झेड८२० (व्ही२ पर्यंत), झेड६४० आणि झेड८४० (व्ही३, व्ही४). डेलची प्रिसिजन टी५६१०, टी७६१०, टी७८१०, टी७९१०. लेनोवोची थिंकस्टेशन डी३०, पी७००, पी९००. डेलचं टी५८१० किंवा लेनोवोचं पी५०० स्वस्त दिसेल, ती एकाच प्रोसेसरची आहेत.

चिनी बनावटीचे नवे दोन सॉकेटचे एक्स७९, एक्स९९ बोर्ड ऑनलाइन मिळतात. त्यांवरचे चिपसेट बऱ्याचदा जुन्या बोर्डांवरून काढलेले असतात आणि बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच सॉफ्टवेअरचं) अपडेट मिळेल याची खात्री नसते. हौस म्हणून ठीक. ज्यावर धंदा चालवायचा त्याला मी हे लावणार नाही.

हे सगळं नवीन खूळ नाही बरं का. १९९९ मध्ये अबिट कंपनीच्या बीपी६ बोर्डावर लोक दोन साधे सेलेरॉन बसवून सर्व्हरची मजा घ्यायचे.

दुकानात काय तपासायचं

दुकानदार 'चालू हाय बघा, लावून दाखवतो' म्हणाला तर लावूनच घ्या आणि बायोसमध्ये शिरा. एचपीच्या झेड४२०, झेड६२०, झेड८२० मध्ये सिस्टिम इन्फर्मेशनच्या पानावर 'बूट ब्लॉक डेट' अशी एक ओळ असते. तिथे २०११ ची तारीख असेल तर त्या बोर्डावर फक्त पहिल्या पिढीचे प्रोसेसर चालतील. २०१३ ची असेल तर व्ही२ चालतो. बायोस अपडेट करून ही तारीख बदलत नाही. याच एका ओळीवर मशीन घ्यायचं की ठेवायचं ते ठरतं, आणि ती बाहेरून कुठेच लिहिलेली नसते.

झेड६२० मध्ये दुसरं सॉकेट मुख्य बोर्डावर नसतंच. ते एका वेगळ्या उभ्या पाटीवर असतं, तिला रायझर म्हणतात. त्यावरच दुसऱ्या प्रोसेसरचा हीटसिंक, पंखा आणि रॅमच्या चार खाचा असतात. रायझर नंतर घेऊ म्हणाल तर तो एकटाच प्रोसेसरच्या कितीतरी पट महाग पडेल. सौदा होतानाच मागून घ्या. झेड८२० मध्ये दोन्ही सॉकेट बोर्डावरच असतात, पण रिकाम्या सॉकेटचा हीटसिंक बहुतेक वेळा गायब असतो.

मग टॉर्च घ्या. रिकाम्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढायला लावा आणि मोबाइलचा उजेड तिरका टाका. आत २०११ बारीक पिना असतात. सगळ्या सरळ असतील तर उजेड एकसारखा, भरतकामाच्या नक्षीसारखा चमकतो. वाकडी पिन असेल तिथे नक्षी तुटलेली दिसते. झाकणच नसलेल्या उघड्या सॉकेटचा बोर्ड घेऊ नका.

आता रॅम. दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये बहुधा रजिस्टर्ड ईसीसी (चुका पकडून सुधारणारी) रॅम असते. साध्या डेस्कटॉपमध्ये ती चालत नाही, म्हणूनच जुन्या बाजारात ती स्वस्त पडते. स्टिकरवर 'पीसी३-१२८००आर' असं काही लिहिलेलं असतं. शेवटचं अक्षर बघायचं. आर म्हणजे रजिस्टर्ड, ई म्हणजे ईसीसी पण रजिस्टर्ड नसलेली, यू म्हणजे साधी, एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड. यांची आपसात सरमिसळ चालत नाही. मधल्या आकड्याला आठने भागलं की वेग कळतो: १२८०० भागिले ८ म्हणजे १६००. 'पीसी'च्या ३ नंतर आलेला एल वेगळा, तो कमी व्होल्टेजचा.

दुसरा प्रोसेसर बसवणं

घरी आणल्यावर आधी एका प्रोसेसरवर दोन-चार दिवस वापरा. बायोस कंपनीच्या साइटवरून शेवटच्या आवृत्तीवर न्या, सीआर२०३२ ची बटण बॅटरी बदलून टाका. मशीन दहा-बारा वर्षांचं आहे, मूळची बॅटरी कधीच संपलेली असते आणि घड्याळ मागे जाऊन भलत्याच अडचणी दिसतात. सुट्या बोर्डावर एका प्रोसेसरने चाचणी घेत असाल आणि स्क्रीनवर काहीच येत नसेल तर ग्राफिक्स कार्डाची खाच बदलून बघा. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःच्या ४० पीसीआय एक्सप्रेस लेन, म्हणजे कार्डांच्या खाचांकडे जाणाऱ्या वाटा, असतात. दुसऱ्याच्या वाट्याच्या खाचा तो बसेपर्यंत मेलेल्याच राहतात. आणि हो, या झिऑनमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, कार्ड लागतंच.

दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे आणि शक्यतो धातूच्या झाकणावरचा एस-कोडही एकच असलेले घ्या. २६८० व्ही२ वर एसआर१ए६ असं असतं. मॉडेलच्या जागी 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' लिहिलेलं असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे. ब्रँडेड वर्कस्टेशनमध्ये तो चालेल याचा नेम नाही.

वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा. सॉकेटला दोन तरफा असतात आणि त्या कोणत्या क्रमाने उघडायच्या ते शेजारीच कोरलेलं असतं. प्रोसेसर कडांनी धरून त्रिकोणी खूण जुळवा आणि सरळ खाली ठेवा. ठेवायचा, ढकलायचा नाही. तो बसल्यावर बाजूला सरकवला की पिना आडव्या झाल्याच समजा. तरफ लावताना बराच जोर लागतो आणि कर्र असा आवाज येतो, त्याला घाबरू नका.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पहिल्या प्रोसेसरचीही पुसा, ती वाळून खडू झालेली असते. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे. हीटसिंकचे चार स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा वेढा देत आवळायचे. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर प्रोसेसर कलतो, आणि मग रॅमच्या काही खाचा बायोसमध्ये दिसतच नाहीत. रॅम दिसत नाही म्हणून लोक रॅम बदलत बसतात, दोष असतो स्क्रूचा.

सुट्या बोर्डासाठी हीटसिंक घेताना भोकांचं अंतर मोजा. या सॉकेटचे दोन साचे आहेत: चौकोनी ८० बाय ८० मिलिमीटर आणि अरुंद ५६ बाय ९४. एकाचा हीटसिंक दुसऱ्यावर बसत नाही. बोर्ड एसएसआय-ईईबी मापाचा म्हणजे ३०५ बाय ३३० मिलिमीटर असेल तर नेहमीच्या एटीएक्स कॅबिनेटचा विचारच सोडा. शिवाय दोन्ही प्रोसेसरना प्रत्येकी आठ पिनांची वेगळी वीज लागते.

रॅम दोन्हीकडे सारखी वाटा. प्रत्येक प्रोसेसरला रॅमच्या चार वाटा (चॅनेल) आहेत, म्हणून एकीकडे चार आणि दुसरीकडे चार अशा आठ पट्ट्या उत्तम. ८ जीबीच्या आठ, म्हणजे ६४ जीबी. १६ च्या चार घेतल्या तरी बेरीज तीच, पण वाटा निम्म्या रिकाम्या राहतात. कारण असं की हे मशीन म्हणजे एका वाड्यात दोन भावांच्या दोन चुली. आपल्या फडताळातलं सामान लगेच हाताशी, दुसऱ्याकडचं मागायला पडवी ओलांडून जावं लागतं. संगणकाच्या भाषेत याला न्यूमा म्हणतात. बायोसमध्ये 'नोड इंटरलीव्हिंग' बंद ठेवा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कोणती रॅम कोणाची ते कळतं.

विंडोज की लिनक्स

विंडोज होम आवृत्ती फक्त एकच प्रोसेसर बघते. दुसरा बसवूनही कोअर निम्मेच दिसत असतील तर हार्डवेअर तपासण्याआधी आवृत्ती तपासा, प्रो लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत. आडमार्गाने बसवता येतं, पण कामाच्या मशीनवर आडमार्ग कशाला? सॉफ्टवेअर चालत असेल तर उबंटू, मिंट किंवा डेबियन टाका. ब्लेंडर तिथेही तितकंच चांगलं चालतं. साठवणीला साटा एसएसडी घ्या. डीडीआर३ च्या काळातली बहुतेक मशीनं एनव्हीएमई या जास्त वेगवान एसएसडीवरून थेट सुरू होत नाहीत.

लिनक्स सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा द्या. सॉकेट २ आणि न्यूमा नोड २ दिसले की काम फत्ते. मग रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही चूक आली तर ती पट्टी बाजूला. दुसऱ्या दिवशी स्ट्रेस-एनजी हा पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम तासभर लावून तापमान बघा. भरात ७०-७५ अंश सेल्सिअस ठीक, ८५ च्या पुढे गेलं तर पेस्ट आणि स्क्रू पुन्हा बघा. एक प्रोसेसर दुसऱ्यापेक्षा पाच-सात अंश गरम असणं साहजिक आहे, पुढच्याची गरम हवा मागच्याला मिळते.

वीज

बेरीज अशी करा: २६८० व्ही२ दोन, म्हणजे २३० वॅट. रॅम आठ पट्ट्या, ३० धरा. ग्राफिक्स कार्ड ७५, डिस्क आणि पंखे २०. सगळे मिळून ३५५. झेड६२० चा ८०० वॅटचा सप्लाय त्याला भरपूर आहे. पण लक्षात ठेवा, एचपी-डेलचे सप्लाय त्यांच्याच बोर्डाला बसतात. तो जळला तर बाजारातला साधा एटीएक्स तिथे लागत नाही.

दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. रेंडर चालू असताना वीज गेली तर तो टिकणार नाही. निदान १ केव्हीएचा, जमल्यास साइन वेव्हचा घ्या. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते, तिथे हा खर्च टाळता येणार नाही. वडगाव-खासबागेत शेजारी माग चालत असतील तर व्होल्टेज हलत राहतं, तिथे तर नक्कीच. जुन्या घरात अर्थिंग बघून घ्या: मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी वायरमन बोलवा.

बिलाचा हिशोब घरच्यांना आधीच सांगून ठेवा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत २०० युनिटपर्यंतची सवलत २०२२-२३ च्या तुमच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरते. त्या हक्काच्या वर गेलात तर वरच्या युनिटचे पैसे, आणि २०० ओलांडलेत तर हेस्कॉम या वीज कंपनीचं सगळंच बिल तुमच्यावर. हे मशीन नुसतं चालू ठेवलं आणि १२० वॅट खात बसलं, तर चोवीस तासांच्या हिशोबाने महिन्याला ८६ युनिट होतात. ज्या घराचा वापर १२० युनिट आहे ते घर तिथेच २०० च्या पार गेलं. रोज सहा तास पूर्ण भरात चालवून नंतर बंद केलं तर ६४ युनिटच्या आसपास. म्हणून रात्री रेंडर लावून झोपताना काम संपल्यावर मशीन आपोआप बंद होईल अशी आज्ञा शेवटी जोडा, आणि प्लगला लावायचा वॅटमीटर घेऊन पहिल्या आठवड्यात खरा आकडा मोजा. दुकानाच्या व्यापारी मीटरवर ही सवलत नसतेच, तिथे मोजलेला आकडा जॉबच्या दरात धरायचा.